आधारग्रंथांची पारख आणि आपली इंग्रजी शिकणारी मुले

(आपल्या मंडळाच्या कोहमारा येथील वार्षिक स्नेहसंमेलनात दिलेले व्याख्यान)



कार्यकारी समितीने आम्हांस आज बोलण्याची आज्ञा केली, तेव्हा 'आपल्या मुलांचे इंग्रजी कसे सुधारेल' हा विषय सुचविला होता. आमचा सारा जन्म इंग्रजी शिकविण्यात गेला असल्यामुळे ही अपेक्षा रास्तच होती. परंतु समितीची क्षमा मागून आम्ही तो विषय किंचित वळवून घेतला आहे. उच्चार, व्याकरण आणि चारचौघांत न अडखळता बोलणे यांविषयी सर्वत्र पुष्कळ बोलले जाते. महाराष्ट्रात २००० सालापासून पहिलीच्या वर्गातच इंग्रजी आली, आणि आता खेड्यापाड्यांतील मूलही चार इंग्रजी वाक्ये म्हणून दाखविते. पण इंग्रजीत जे छापलेले दिसते त्यावर कितपत विश्वास ठेवावा, ते कोणी, केव्हा आणि कोणाच्या सांगण्यावरून लिहिले हे कसे तपासावे, आणि वाचलेल्याची नोंद कशी ठेवावी, हे कोणी शिकवीत नाही. आम्हीही ते पुष्कळ वर्षे शिकविले नाही. त्याचे प्रायश्चित्त आम्हांस याच स्मरणिकेच्या पानांतून घ्यावे लागले. ती हकीकत आधी सांगतो.

काही वर्षांपूर्वीच्या एका अंकात आम्ही 'आपल्या समाजाचा पूर्वेतिहास' या नावाचा लेख लिहिला होता. आपले पूर्वज काशीहून आले. चांद्याचा गोंड राजा तीर्थयात्रेहून परतताना त्यांस सोबत घेऊन आला. येथे त्यांनी तलाव बांधले, धान व ऊस पिकविला, असे त्यात होते. राजाचे नावही आम्ही दिले होते. लेख पुष्कळांस आवडला. लग्नकार्यात लोक त्यातील वाक्ये म्हणून दाखवीत, आणि आम्हीही, खोटे कशाला बोला, थोडे फुगलो होतो.

पुढे आपल्याच समाजातील एका मुलीस महाविद्यालयात इंग्रजीतून एक प्रबंधिका लिहावयाची होती. तिने विषय घेतला आपल्या भागातील तलावांचा. प्रबंधिकेस सटीप ग्रंथसूची जोडणे आवश्यक होते. म्हणजे जी जी पुस्तके पाहिली त्यांची नावे, लेखक, प्रकाशनस्थळ आणि साल द्यावयाचे, आणि प्रत्येक नावाखाली आपल्या शब्दांत चार-पाच वाक्यांची टीप लिहावयाची. ती आमचा लेख घेऊन आमच्या घरी आली, ओसरीवर बसली आणि म्हणाली, "गुरुजी, हे राजाचं नाव कोठचं जी? खाली काय लिहू?"

आम्ही मागच्या एका अंकाकडे बोट दाखविले. तेथे 'एक गोंड राजा' एवढेच होते. त्याच्याही मागील अंकात राजा होता, पण यात्रा नव्हती. मग नाव आले कोठून? बराच वेळ विचार केल्यावर आम्हांस आठवले की, ते आमच्या मनानेच घातले होते. चांद्याच्या राजांपैकी जे नाव आम्हांस ठाऊक होते ते त्या जागी शोभून दिसले, एवढेच. चोरी पकडल्यावर माणसास जे वाटते ते आम्हांस त्या मुलीसमोर वाटले.

ती मात्र तेथे थांबली नाही. तिने मूळ शोधून काढले. रॉबर्ट व्हेन रसेल या इंग्रज अधिकाऱ्याने रायबहादूर हिरालाल यांच्या साहाय्याने मध्य प्रांतातील जाती-जमातींवर चार खंडांचा इंग्रजी ग्रंथ सिद्ध केला; तो १९१६ साली लंडनच्या मॅकमिलन कंपनीने छापला. त्याच्या तिसऱ्या खंडात कोहळी जातीवर स्वतंत्र प्रकरण आहे. वैनगंगेच्या खोऱ्यातील मोठमोठे तलाव या लोकांनी बांधले, असा गौरव त्यात आहे. काशीची कथाही आहे. पण तेथे 'हे लोक काशीहून आले' असे लिहिलेले नाही. या जातीत अशी परंपरा सांगतात, असे लिहिले आहे. आणि लगेच पुढे लेखक म्हणतो की, यांची भाषा, चालीरीती व कुळांची नावे पाहता यांचे मूळ मराठी मुलखातलेच दिसते. आमच्या स्मरणिकांनी पहिले अर्धे घेतले आणि दुसरे अर्धे वाटेत टाकून दिले. लांजीचा उल्लेखही गळला. आपले लोक प्रथम लांजीस, म्हणजे आजच्या मध्य प्रदेशातील बालाघाट जिल्ह्यात, वसले असे भंडाऱ्याकडील जुन्या माणसांचे सांगणे त्या ग्रंथात नोंदविलेले आहे. काशीपुढे लांजीचा काय पाड लागणार!

येथे एक गोष्ट आवर्जून सांगतो, कारण आमच्या मते सगळे मर्म तिच्यात आहे. रसेलसाहेबास ही कथा कोणी सांगितली? त्या ग्रंथातील अनेक प्रकरणांच्या तळटीपा पाहाव्या. हे प्रकरण अमुक तहसीलदाराच्या, अमुक शाळामास्तराच्या टिपणावरून तयार केले, असे तेथे प्रांजळपणे नमूद केलेले आढळते. म्हणजे गावोगावच्या म्हाताऱ्यांनी ओसरीवर सांगितलेली गोष्ट मास्तराने कागदावर उतरविली, ती नागपुरास गेली, तेथून इंग्रजीत लंडनला छापली गेली, आणि पन्नास-साठ वर्षांनी आम्ही तीच गोष्ट 'इंग्रजी ग्रंथाचा पुरावा' म्हणून डोक्यावर घेऊन नाचलो. आमच्याच आजोबांचे बोलणे परदेश फिरून परत आले, तेव्हा आम्हांस ते ओळखू आले नाही. आजोबांच्या तोंडून ऐकले तेव्हा ती गोष्ट होती, आणि साहेबाच्या पुस्तकात वाचले तेव्हा तो इतिहास झाला!

हा घोटाळा पुष्कळसा भाषेचा आहे, आणि म्हणून इंग्रजीच्या शिक्षकाचा आहे. आपल्या बोलीत 'म्हणे' नावाचा एक फार गुणाचा शब्द आहे. "तिकडे म्हणे पाऊस लय आला" असे कोणी म्हटले की, ऐकणाऱ्यास तत्काळ कळते की, याने स्वतः पाहिलेले नाही. दोन अक्षरांत आधाराची प्रत ठरली. इंग्रजीत असा सुटसुटीत शब्द नाही. तेथे 'इट इज सेड', 'दे हॅव अ ट्रॅडिशन', 'इट इज बिलीव्हड' अशी वाक्येच्या वाक्ये खर्ची घालावी लागतात. नवशिका विद्यार्थी कठीण शब्दांच्या मागे धावतो, ही सोपी शब्दावली त्यास निरुपयोगी वाटते, आणि भाषांतर करताना तो नेमकी तीच गाळतो. 'त्यांच्यात अशी परंपरा सांगतात की ते आले' याचे 'ते आले' होते. कर्मणी प्रयोग तर आणखी फसवा. 'असे मानले जाते' असे इंग्रजीत दिसले की, मुलाने विचारावे, कोण मानतो? सांगणारा सापडला नाही, तर टिपेत तसे लिहावे.

म्हणून आम्ही आता मुलांस शब्दार्थ पाठ करावयास देण्याआधी क्रियापदे देतो. लेखक सांगतो, लेखक सुचवितो, लेखक दावा करतो, लेखक दाखवून देतो, लेखक गृहीत धरतो. यांच्यासाठी इंग्रजीत निरनिराळी क्रियापदे आहेत, आणि सटीप सूचीतील टीप त्यांच्यावरच उभी राहते. 'रसेल प्रूव्हज' असे लिहिणाऱ्या मुलास आम्ही 'रसेल रेकॉर्ड्स' असे लिहावयास लावतो, आणि फरक काय तो त्याच्याकडून झाडीबोलीत वदवून घेतो. मग तो फरक तो जन्मभर विसरत नाही.

त्या मुलीने रसेलच्या ग्रंथाखाली लिहिलेली टीप आम्ही जपून ठेवली आहे. इंग्रजी साधेच आहे, एक-दोन ठिकाणी उपपद चुकलेले आहे, पण आशय पाहावा. मराठीत सांगतो: 'हा ग्रंथ सरकारी अधिकाऱ्याने प्रांतातील सर्व जातींची माहिती एकत्र करण्यासाठी लिहिला. कोहळी जातीवरील प्रकरणात तलाव बांधण्याच्या त्यांच्या कौशल्याचे वर्णन आहे. त्यांच्या मूळ स्थानाविषयी दोन मते दिली असून लेखकाचा कल दुसऱ्याकडे दिसतो. काशीची कथा त्या काळी लोकांत प्रचलित होती एवढ्यासाठी मला याचा उपयोग आहे. ते खरोखर कोठून आले हे यावरून ठरत नाही.' पाच-सहा वाक्ये आहेत. ग्रंथ कोणाचा, कशासाठी, काय सांगतो, किती भरवशाचा, आणि मला कोठवर उपयोगी, हे सगळे त्यात आले. आमच्या त्या सहा पानी लेखात यांपैकी एकही गोष्ट नव्हती.

तिची सूची मंडळाच्या एका बैठकीत वाचून दाखविली, तेव्हा सगळ्यांस आनंद झाला असे नाही. एक वडीलधारे गृहस्थ उठून म्हणाले, "म्हणजे आम्ही काशीचे नाही की काय?" दुसऱ्यांनी, पोरींना शिकवून हेच व्हायचे, असा शेरा मारला. तो येथे न सांगता राहवत नाही. आम्ही उठून एवढेच म्हटले की, चूक मुलीची नसून आमची आहे, आणि काशी कोणी हिरावून घेतलेली नाही. आपले लोक शंभर वर्षांपूर्वी काशीची गोष्ट सांगत होते हे आता सालासकट सांगता येते, पूर्वी तेवढेही येत नव्हते. त्यावर बैठक चहाकडे वळली.

आता कोणी म्हणेल, साहेबांनी लिहिलेल्या ग्रंथावर अभिप्राय देणारी आमची पोरे कोण? इंग्रजी धड येत नाही आणि म्हणे पारख करणार! या शंकेस आमच्याजवळ एक उत्तर आहे. ज्या १९१६ साली रसेलचा ग्रंथ निघाला, त्याच वर्षी ९ मे रोजी न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात डॉ. गोल्डनवायझर यांच्या परिसंवादात पंचवीस वर्षांच्या एका महाराष्ट्रीय विद्यार्थ्याने भारतातील जातींवर एक निबंध वाचला. त्याचे नाव भीमराव रामजी आंबेडकर. इंग्रजी ही त्यांचीही घरची भाषा नव्हती. त्या निबंधात त्यांनी आरंभीच काय केले? जातीच्या चार व्याख्या समोर मांडल्या: फ्रेंच पंडित सेनार यांची, नेसफिल्डची, सर हर्बर्ट रिस्ले यांची आणि आपल्या श्रीधर व्यंकटेश केतकरांची. मग एकेक तपासली. सेनारने विटाळास महत्त्व दिले, पण ते जातीचे खास लक्षण नव्हे, असे दाखविले. नेसफिल्डने परक्याबरोबर न जेवणे हे लक्षण मानले. तेथे परिणामास कारण समजण्याची चूक झाली, असे सांगितले. रिस्लेच्या व्याख्येत नवे असे काही नाही म्हणून ती थोडक्यात आटोपली. केतकरांचे विवेचन त्यांनी अधिक मोलाचे मानले. पण त्यांनी दिलेली दोन लक्षणे ही वस्तुतः एकाच नाण्याच्या दोन बाजू आहेत, असे तेथेही सुचविले. पुढील वर्षी, १९१७ मध्ये, तो निबंध 'इंडियन अँटिक्वेरी'त छापून आला.

यातील दोन गोष्टी आमच्या मनावर ठसल्या आहेत. साहेबाचे म्हणून त्यांनी काही मानले नाही, आणि साहेबाचे म्हणून काही झिडकारलेही नाही. आपल्या माणसाचे ग्रंथकर्तृत्व गौरविले, पण तपासल्यावाचून सोडले नाही. केतकरांनीही अमेरिकेतच, कॉर्नेल विद्यापीठात, शिकून जातिसंस्थेच्या इतिहासावरील आपला ग्रंथ इंग्रजीत लिहिला होता, आणि पुढे मराठीत ज्ञानकोशाचा प्रचंड व्याप केला. १९५४ साली डॉ. आंबेडकर भंडारा लोकसभा मतदारसंघातून पोटनिवडणुकीस उभे होते, हे येथील कित्येक घरांतून अजून सांगतात. त्यांच्या सभांच्या आठवणी ज्यांनी वडिलांकडून ऐकल्या असतील, त्यांनी त्या लिहून ठेवाव्यात, आणि वर 'वडिलांकडून ऐकले' असे अवश्य लिहावे.

मुलांस हे शिकविताना प्रत्यक्ष अडचणी येतात त्या निराळ्याच. जुन्या इंग्रजी ग्रंथांत मुलगा 'गोंदिया जिल्हा' शोधतो आणि हात हलवीत परत येतो. गोंदिया जिल्हा १ मे १९९९ रोजी भंडाऱ्यातून वेगळा झाला, हे त्यास कोणी सांगितलेले नसते. १९०८ च्या गॅझेटियरात हा सगळा भाग भंडारा जिल्ह्यात सापडणार, आणि नवेगाव पाहावयाचे तर साकोली तहसिलीखाली. नावांची स्पेलिंगेही आजची नव्हेत. हे एकदा फळ्यावर लिहून दिले की, पोरे भराभर शोधू लागतात.

दुसरी अडचण उतारण्याची. मुलास टीप लिहावयास सांगितले की, तो प्रस्तावनेतील दोन वाक्ये जशीच्या तशी उचलतो. तो लबाड असतो म्हणून नव्हे. त्या वाक्यांपेक्षा चांगले इंग्रजी आपल्यास येणार नाही, अशी त्याची प्रामाणिक समजूत असते. यावर आमचा उपाय गावठी आहे. पुस्तक मिटावयाचे, शेजारी बसलेल्यास आपल्या घरच्या बोलीत सांगावयाचे, त्याने दोन प्रश्न विचारावयाचे, आणि मग इंग्रजीत लिहावयाचे. इंग्रजी मोडके झाले तरी चालेल. मोडके वाक्य आम्ही सुधारू शकतो. उसने वाक्य सुधारून काय करणार?

आता तर हाती भ्रमणध्वनी आला आहे. विचारताक्षणी तो पुस्तकांची यादी टिपांसह काढून देतो. अशी एक यादी एका विद्यार्थ्याने आम्हांस आणून दाखविली. नावे भारदस्त होती, साले होती, पण त्यांतील दोन पुस्तके कोठल्याही ग्रंथालयाच्या सूचीत मिळेनात. ती छापलीच गेली नव्हती. आम्ही राजाचे नाव मनाने घातले होते, तसेच हे. यंत्रावर रागावण्याचा अधिकार आम्हांस नाही. पण जे पुस्तक डोळ्यांनी पाहिले नाही, त्यावर टीप लिहावयाची नाही, हा नियम तेव्हापासून आम्ही कडक केला आहे.

नवेगाव बांधाचे उदाहरण घेऊ, कारण तो येथून जवळ आहे आणि आपल्या जिव्हाळ्याचा आहे. हा तलाव अठराव्या शतकाच्या आरंभी कोलू पाटील कोहळी यांनी बांधला, असे सरकारी गॅझेटियरे सांगतात. भोवतालच्या डोंगरांस लोक सात बहिणी म्हणतात, त्यांनी बांध घालण्यास साहाय्य केले असे मानतात, आणि कोलू पाटलांस कोलासुर देव म्हणून पुजतात. विद्यार्थ्याने सात बहिणींची कथा सूचीतून काढून टाकावी काय? मुळीच नाही. लोकांनी आपल्या बांधाकडे कोणत्या भावनेने पाहिले, याचा तो उत्तम पुरावा आहे. बांध कोणत्या साली झाला, याचा मात्र तो पुरावा नाही. एकच आधार एका प्रश्नास सोन्याचा आणि दुसऱ्या प्रश्नास पितळेचा असू शकतो, हे मुलांस याच उदाहरणाने चटकन समजते.

तलावाचे पाणी कोणी, केव्हा, किती घ्यावे, हा प्रश्न निघाला तर गोष्टीही पुरत नाहीत आणि गॅझेटियरही पुरत नाही. तेथे गावचे वाजिब-उल-अर्ज आणि निस्तारपत्रक काढावे लागते. हे कागद रूक्ष असतात, पण गावाची वहिवाट त्यांत लिहिलेली असते. १९५० च्या कायद्याने मालगुजारी गेली आणि हे तलाव सरकारकडे आले. 'माजी मालगुजारी' याचे लोकांनी 'मामा तलाव' करून टाकले. हे नाव ऐकून एका मुलाने इंग्रजीत 'अंकल्स टँक' असे भाषांतर केले होते. हसून झाल्यावर आम्ही त्यालाच वाजिब-उल-अर्ज शोधावयास पाठविले. तो दोन खेपा करून नक्कल घेऊन आला, आणि त्याने त्यावर लिहिलेली टीप वर्गात सर्वांत चांगली ठरली.

डोळ्यांनी पाहून लिहिणाऱ्यांचा आधार कसा असतो, हे पाहावयाचे तर मारुती चितमपल्ली यांचे लेखन मुलांस द्यावे. वनाधिकारी म्हणून ते नवेगाव बांधास राहिले. तेथील पक्षी व झाडे यांविषयी त्यांनी लिहिले ते प्रत्यक्ष पाहून आणि जाणत्या गावकऱ्यांस विचारून. २०२५ साली ते निवर्तले. हिंदीत अनुपम मिश्र यांचे 'आज भी खरे हैं तालाब' हे १९९३ चे पुस्तक आहे. त्याच्या शेवटी संदर्भांचे स्वतंत्र प्रकरण असून कोणती माहिती कोठून मिळाली, हे गोष्ट सांगावी तसे सांगितले आहे. सटीप सूची वाचनीय होऊ शकते, हे ज्यांस खरे वाटत नसेल त्यांनी ती पाने वाचावी. आणि शंकर गणेश दाते यांनी १८०० पासून १९५० पर्यंतच्या मराठी ग्रंथांच्या सूचीचे जे डोंगराएवढे काम केले, ते खंड मुलांस एकदा हाताळावयास तरी द्यावेत. तेवढ्याने अभ्यास होत नाही, पण वचक बसतो.

असो. आता एका व्यवहाराच्या गोष्टीकडे येतो. दुपारच्या सर्वसाधारण सभेपुढे आम्ही एक ठराव मांडणार आहोत: पुढील अंकापासून समाजाच्या इतिहासावरील प्रत्येक लेखाखाली आधारांची सूची दोन-दोन ओळींच्या टिपांसह द्यावी, आणि ज्यांस आधार नाही त्या वाक्यापुढे 'असे सांगतात' एवढे तरी लिहावे. आमच्या जुन्या लेखाची दुरुस्ती आम्ही याच अंकासाठी संपादकांकडे दिली आहे. सूच्या पाहून देण्याचे त्या मुलीने मान्य केले आहे. ती आता शिक्षिका आहे आणि आमच्याहून कडक आहे.

मंडपाच्या मागील बाजूस मेजावर एक वही ठेवली आहे. ज्यांच्या घरी जुन्या सनदा, पावत्या, बांधाच्या खर्चाच्या वह्या, मोडीतील पत्रे किंवा वाजिब-उल-अर्जाच्या नकला असतील, त्यांनी कागदाचे नाव, साल आणि तो घरात कोणाकडून आला, एवढे तीत लिहून जावे. मूळ कागद कृपा करून कोणीही देऊ नये, आम्ही मागितला तरी देऊ नये. छायाप्रत द्यावी, आणि मूळ कागद वाळवीपासून सांभाळून घरीच ठेवावा.